आजींची काळजी जीडीपीत कुठे बसते?

समजा, तुमच्या घरी आजींना अर्धांगवायू झाला आहे. ब्युरोतून बाई ठेवली, तर तिचा पगार देशाच्या उत्पन्नात धरला जातो. उद्या सूनबाईंनी नोकरी सोडून तेच काम अंगावर घेतले, तर आजींची अंघोळ, भरवणे, कूस बदलणे सारे तसेच चालू राहते. देशाच्या हिशेबात मात्र ते शून्य! असे का?

१९३४ साली सायमन कुझनेट्स यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय उत्पन्नाचा अहवाल संसदेला दिला. गृहिणींच्या बिनपगारी कामाची त्यांना जाणीव होती, पण मोजणे अवघड म्हणून ते वगळले. तीच पद्धत पुढे जगभर रुळली.

दुसरा प्रश्न आम्हा डॉक्टरांच्या प्रांतातला होता: काळजीची गरज नेमकी कुणाला? १९६३ मध्ये डॉ. सिडनी कॅट्झ यांनी सहा गोष्टी ठरवल्या: अंघोळ, कपडे घालणे, शौचाला जाणे, अंथरुणातून उठणे-बसणे, मलमूत्रावर ताबा आणि जेवणे. आजही आम्ही नातेवाइकांना हेच विचारतो.

मग पैशाची सोय आली. नेदरलँड्सने १९६८ मध्ये दीर्घकालीन काळजीसाठी सक्तीचा विमा सुरू केला. जर्मनीत तो १९९५ मध्ये आला, जपानमध्ये २०००मध्ये. जर्मनीने घरी सांभाळणाऱ्या कुटुंबाला रोख भत्ता घेण्याची मुभा दिली. जपानने सेवाच दिल्या. रोख रकमेमुळे सुना घरातच अडकतील, अशी तिथल्या महिला संघटनांची भीती होती.

आता या देशांची तुलना कशी करायची? त्यासाठी ओईसीडी या संघटनेने २००० मध्ये आरोग्यखर्चाच्या हिशेबाची समान पद्धत आणली. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युरोपीय सांख्यिकी कार्यालयासह ती सुधारली. तिच्यात अंघोळ घालणे आरोग्यखर्चात येते; बाजारहाट, स्वयंपाक यांची मदत सामाजिक खर्चात. पण एकच बाई दोन्ही करते! त्यामुळे प्रत्येक देश ही रेघ थोडी वेगळी ओढतो. नेदरलँड्सचा खर्च जीडीपीच्या चार टक्क्यांच्या आसपास, तर ओईसीडी देशांची सरासरी त्याच्या निम्म्याहून कमी, असे आकडे वाचताना हे ध्यानात ठेवा.

आणखी एक गंमत. टक्का म्हणजे भागाकार. २०२० मध्ये कोविडने अनेक देशांचा जीडीपी घटला. अशा वर्षी खर्च तेवढाच राहिला, तरी टक्का वाढलेला दिसतो. म्हणून टक्का वाढला म्हणजे म्हाताऱ्यांची काळजी सुधारली, असे नाही. आणि टक्का कमी म्हणजे काळजी होतच नाही, असेही नाही. ती कदाचित घरातली बाई फुकट करत असते.

आपल्याकडे २०१९ च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत, घरातली मुले, म्हातारे, आजारी यांना बिनपगारी सांभाळणाऱ्या स्त्रिया रोज सरासरी १३४ मिनिटे त्यात घालवत होत्या, पुरुष ७६.

तेव्हा पुढच्या वेळी आजींना दवाखान्यात आणाल, तेव्हा बीपीच्या वहीत एक रकाना वाढवा: काळजीत कुणाचे किती तास गेले? आणि तो कागद आम्हाला दाखवा. सांभाळणाऱ्या माणसाची पाठ, झोप आणि मन यांचीही तपासणी तिथूनच सुरू होते.