पंपातले पहिले इन्सुलिन

इन्सुलिन पंप म्हटला की आपल्याला अगदी अलीकडचे तंत्रज्ञान आठवते. प्राण्यांपासून काढलेले इन्सुलिन म्हटले की जुना काळ. पण या दोन गोष्टी काही वर्षे एकत्र नांदल्या.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोत लेनर्ड थॉम्प्सन या १४ वर्षांच्या मुलाला गुरांच्या स्वादुपिंडाचा अर्क टोचला. अर्क अशुद्ध होता, उपचार थांबवावे लागले. जेम्स कॉलिपने तो शुद्ध केल्यावर २३ जानेवारीला पुन्हा दिला आणि रक्तातली साखर उतरली. पुढे साठ वर्षे मधुमेही जगले ते गायी-डुकरांच्या इन्सुलिनवर. डुकराच्या इन्सुलिनमधील ५१ अमिनो आम्लांपैकी एकच माणसाहून वेगळे असते. गाईच्या इन्सुलिनमध्ये तीन.

१९७८ साली लंडनच्या गाइज हॉस्पिटलमधील जॉन पिकप, हॅरी कीन व सहकाऱ्यांनी छोट्या पंपाने त्वचेखाली सतत इन्सुलिन सोडण्याची पद्धत प्रसिद्ध केली. जनुक-अभियांत्रिकीने बनवलेल्या मानवी इन्सुलिनला अमेरिकेत मान्यता मिळाली १९८२ मध्ये. म्हणजे पहिल्या पंपांत होते ते प्राण्यांचेच!

इन्सुलिन कोणाचे, हे पंप पाहत नाही. त्याला हवे असते नितळ द्रावण. प्रोटामीन घातलेल्या गढूळ इन्सुलिनचे कण खाली बसतात, मात्रा चुकते. नितळ इन्सुलिनचे रेणूही कधी एकमेकांना चिकटून नळी तुंबवतात. त्वचेखाली साठा थोडाच असल्याने काही तासांतच साखर धोकादायक चढते.

आता विद्यार्थ्यांना विचारू या: नवे यंत्र आले, की जुने औषध लगेच निरुपयोगी ठरते का?