पस मॉथची प्रतिकृति

अंबरनाथला आमच्या घरांत सध्यां जेवणाच्या मेजाचा अर्धा भाग एका विमानानें व्यापिला आहे. विमान अर्थात् लहानसें, खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शाचें. इंग्लंडांतील डी हॅविलंड कंपनीनें १९३० च्या सुमारास ‘पस मॉथ’ नांवाचें जें विमान बाजारांत आणिलें, त्याची ही प्रतिकृति. मूळ विमानाच्या पंखांची रुंदी ३६ फूट ९ इंच. माझ्या विमानाची अठरा इंचांहून किंचित् अधिक. श्रोतेहो, घरांतील मंडळी विचारतात कीं, एवढीं नामांकित लढाऊ विमानें सोडून हें टपालवाहू बापडें कशाला?

लढाऊ विमानांशीं आमच्या भागाचा संबंध नाहीं असें नव्हे. दुसऱ्या महायुद्धांत इंग्रजांनीं शेतकऱ्यांच्या जमिनी घेऊन नेवाळीस धांवपट्टी केली, आणि त्या जमिनींचा तंटा २०१७ सालीं रस्त्यावर आला. पण तो विषय निराळा. माझें मन गुंतलें तें १५ ऑक्टोबर १९३२ या दिवसांत. त्या दिवशीं सकाळीं जे. आर. डी. टाटा कराचीहून एकटेच पस मॉथ घेऊन निघाले. बरोबर सुमारें २५ किलो टपाल. अहमदाबादेस पेट्रोल घेऊन दुपारीं दोनच्या आंत ते जुहूस उतरले. पुढें नेव्हिल व्हिन्सेंट यांनीं बेल्लारीमार्गें तें टपाल मद्रासला नेलें. जुहूचें मैदान पावसाळ्यांत चिखलानें निकामी होई. मग विमानानें पुण्यास उतरावें, अशी ती सेवा!

या घटनेस पंधरा वर्षें होतात न होतात तोंच देशाची फाळणी झाली, आणि कराचीकडून टपालाऐवजीं माणसें आलीं. कल्याणजवळच्या युद्धकालीन लष्करी छावणीच्या बराकींत सिंधी निर्वासितांना आसरा मिळाला. ८ ऑगस्ट १९४९ रोजीं गव्हर्नर-जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्तें तेथें नव्या गांवाची कोनशिला बसली; तेंच उल्हासनगर. पंखांवर चढविण्यासाठीं पतंगाचा कागद आणावयास मी तेथेंच एका वृद्ध दुकानदारांकडे गेलों होतों. कागद कशाला, हें ऐकून ते म्हणाले, “साहेब, कराचीचें विमान! मग त्याचें तोंड कुठल्या दिशेला ठेवणार?” मला उत्तर सुचलें नाहीं. त्यांनीं कागदाचे पैसे मात्र चोख मोजून घेतले.

आतां कामाविषयीं थोडें. मूळ विमानाचा सांगाडा पोलादी नळ्यांचा, पंख लांकडी, आणि वर कापड. माझा सांगाडा बांबूच्या कामट्यांचा आहे, व नाकाडाचा भाग भेंडाचा. बाशिंगें करतात तेंच भेंड. इंजिन उलटें बसविलेलें असल्यामुळें वैमानिकाची समोरची दृष्टि मोकळी राही. म्हणून नाकाडाचा उतार जरा चुकला कीं विमान ओळखूं येत नाहीं. माझीं दोन नाकाडें केरांत गेलीं. दुसरी अडचण आठवणींची. १९८२ सालीं, वयाच्या ७८ व्या वर्षीं, टाटांनीं हाच प्रवास पुन्हां केला, पण तो लेपर्ड मॉथमधून. तें पुढचें विमान. त्याचें अंग प्लायवुडचें. कित्येकांच्या स्मरणांत हीं दोन्ही विमानें मिसळून गेलेलीं आढळतात. स्मरणाला ती मोकळीक असेल, करवतीला नाहीं.

सर्वांत अधिक वेळ गेला तो एका काडीपायीं. १९३० ते १९३३ या काळांत कांहीं पस मॉथ विमानांचे पंख हवेंतच मोडले. प्रसिद्ध ऑस्ट्रेलियन वैमानिक बर्ट हिंकलर ७ जानेवारी १९३३ रोजीं इटलींत मृत्यु पावला, तोहि पस मॉथमध्येंच. म्हणजे टाटांच्या उड्डाणानंतर तीन महिन्यांच्या आंत. पुढें पंखांच्या आधाराला एक बारीक जादा दांडी देऊन दोष दूर करण्यांत आला. नकाशांत ती दांडी पाहिली तेव्हां मला ती निव्वळ शोभेची वाटली होती. तिचें कारण वाचल्यावर सरस लावलेली काडी हातांत धरून मी बराच वेळ बसलों, आणि तेवढ्यांत सरस वाळला.

आतां राहिली आहे टपालाची थैली. आमच्या सौभाग्यवतींनीं खाकी कापडाची नखाएवढी शिवून दिली आहे. पण त्या मापाला टांके दोरखंडासारखे दिसतात, म्हणून त्या ती उसवून पुन्हां शिवणार आहेत.