कोळसा, वस्ती आणि रस्त्यावरचे नाट्य : शिकागोतील वीज केंद्रविरोधी चळवळीचा एक अभ्यास

प्रस्तावना

निषेधाच्या रंगभूमीचा इतिहास मराठीत मांडला जातो तेव्हा तो बहुधा सत्यशोधकी जलशांपासून सुरू होतो आणि आंबेडकरी जलसे, लाल बावटा कलापथक, संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातील शाहिरी व पुढे पथनाट्य अशा टप्प्यांनी आपल्या काळापर्यंत येतो. या परंपरेत सावकार, जमीनदार, गिरणीमालक आणि सरकार हे प्रतिपक्ष म्हणून वारंवार उभे राहिले. धुराडे मात्र प्रतिपक्ष म्हणून फारसे आले नाही. गिरणगावात धुराड्यातून धूर निघणे म्हणजे चूल पेटणे, असेच समीकरण होते व ते स्वाभाविकही होते. धूर हाच वस्तीचा शत्रू आहे असे ज्या लोकांना सांगावयाचे असते, त्यांच्यापुढे म्हणूनच एक वेगळी नाट्यविषयक अडचण उभी राहते. सावकाराला पागोटे बांधता येते. हवेतील सूक्ष्म कणांना कोणते सोंग द्यावयाचे?

प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार अमेरिकेतील शिकागो शहराच्या पिल्सेन व लिटल व्हिलेज या दोन वस्त्यांच्या संदर्भात केला आहे. या वस्त्यांत फिस्क व क्रॉफर्ड ही कोळशावर चालणारी दोन वीज केंद्रे होती. ती ऑगस्ट २०१२ मध्ये बंद झाली. त्यांच्या बंद होण्यामागे कायदा, अर्थकारण आणि निवडणुकीचे राजकारण यांचा वाटा मोठा आहे, हे पुढे स्पष्ट होईलच. तथापि या लढ्यात वस्तीने रस्त्याचा रंगमंच म्हणून जो उपयोग केला, त्याकडे अभ्यासकांचे लक्ष तुलनेने कमी गेले आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

वस्ती आणि वीज केंद्र

पिल्सेन हे नाव बोहेमियातील प्लझेन शहरावरून आले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे चेक स्थलांतरित कामगारांची दाट वस्ती झाली. या लोकांनी १८९२ मध्ये आपल्या वस्तीत थालिया हॉल ही भव्य वास्तू उभी केली व तिच्यात सार्वजनिक नाट्यगृह ठेवले. फिस्क केंद्र सुरू झाले ते १९०३ मध्ये. म्हणजे या वस्तीत नाट्यगृह आधी आले आणि वीज केंद्र नंतर. हा योगायोगच होय. त्यावर सिद्धान्त रचण्याचे कारण नाही. तरीही वस्तीचे वय सांगताना तो नोंदवण्याजोगा आहे.

फिस्क केंद्र हे त्या काळचे आश्चर्य होते. कॉमनवेल्थ एडिसन कंपनीचे सूत्रधार सॅम्युएल इन्सल यांनी तेथे पाच हजार किलोवॉट क्षमतेचे बाष्पचक्र बसवले आणि मोठ्या केंद्रातून स्वस्त वीज पुरवण्याच्या पद्धतीचा पाया घातला. क्रॉफर्ड केंद्र १९२० च्या दशकात आले. याच इन्सल यांनी शिकागोत सिव्हिक ऑपेरा हाऊस ही प्रचंड इमारत बांधवली. तिचे उद्घाटन ४ नोव्हेंबर १९२९ रोजी, शेअर बाजार कोसळल्यानंतर अवघ्या काही दिवसांनी झाले. कोळशातून जमलेल्या संपत्तीने शहराच्या मध्यभागी ऑपेरा आणला आणि कोळशाची राख व धूर वस्तीकडे राहिला, ही वाटणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेल कंपन्यांनी मोठमोठी कलादालने आणि नाट्यसंस्था यांना आश्रय देण्याची जी प्रथा पाडली, तिचे हे एक जुने रूप म्हणता येईल.

दुसऱ्या महायुद्धानंतर चेक कुटुंबे उपनगरांकडे सरकली. इलिनॉय विद्यापीठाच्या नव्या संकुलासाठी (ते १९६५ मध्ये उघडले) जवळच्या भागातून उठवलेली अनेक मेक्सिकन कुटुंबे पिल्सेनमध्ये आली. पुढे शेजारचे साउथ लॉनडेल हेही मेक्सिकन वस्तीचे झाले व लिटल व्हिलेज या नावाने ओळखले जाऊ लागले. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने आणि १९७७ च्या दुरुस्तीने नव्या केंद्रांवर कडक अटी घातल्या, परंतु जुन्या केंद्रांना त्यांतील अनेक अटींतून सूट मिळाली. जुनी केंद्रे लवकरच बंद होतील असा त्यामागचा हिशेब होता. तो चुकला. सूट हीच जुन्या केंद्रांची कमाई ठरली आणि ती चालू ठेवणे परवडू लागले. १९९९ मध्ये मिडवेस्ट जनरेशन या कंपनीने ही दोन्ही केंद्रे विकत घेतली. वायोमिंगचा कोळसा रेल्वेने येत होता आणि वीज जाळ्यामार्फत बाहेर जात होती.

रस्त्याचा रंगमंच : पूर्वपरंपरा

मेक्सिकन-अमेरिकन निषेधनाट्याचा उगम सामान्यतः १९६५ मध्ये मानला जातो. कॅलिफोर्नियातील डेलानो येथे द्राक्षमळ्यांतील मजुरांचा संप सुरू असताना लुईस वाल्डेझ यांनी एल तेआत्रो काम्पेसिनो म्हणजे शेतमजुरांचे नाट्यपथक स्थापन केले. वाल्डेझ त्यापूर्वी सॅन फ्रान्सिस्को माइम ट्रूप या मंडळीत काम करून आले होते. उघड्या मालमोटारीवर मजूर स्वतःच नट होत. गळ्यात पाटी अडकवली की पात्र तयार : कोणी मालक, कोणी संपकरी, कोणी संपफोड्या. या छोट्या प्रवेशांना ‘आक्तो’ म्हणत. यांत मेक्सिकोतील ‘कार्पा’ या तंबूतील विनोदी खेळांचा वारसा होता. तमाशाच्या बतावणीशी परिचित असलेल्या वाचकास हे सारे अनोळखी वाटणार नाही. अण्णाभाऊ साठे, अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांनी १९४० च्या दशकात गणगौळणीचा साचा मोडून वगाला कामगारांच्या प्रश्नाकडे वळवले, तशीच ही क्रिया होती. दोन्हीकडे प्रेक्षकाला आधीच ठाऊक असलेला हास्याचा प्रकार नव्या कामाला लावण्यात आला. या दोन परंपरांचा प्रत्यक्ष संबंध मात्र दाखवता येत नाही व तो दाखवण्याचा मोहही टाळला पाहिजे.

आक्तोची परंपरा १९७० च्या दशकात अमेरिकेतील अनेक मेक्सिकन वस्त्यांत पसरली. पण पिल्सेनमध्ये रस्त्यावरील सामूहिक नाट्याचे सर्वांत टिकाऊ रूप कामगार चळवळीतून आलेले नाही. ते धर्मातून आले. २४ डिसेंबर १९७६ रोजी, नाताळच्या आदल्या रात्री, पिल्सेनमधील एका घराला आग लागून बारा जण मृत्युमुखी पडले. त्यांत दहा मुले होती. आत माणसे अडकली आहेत हे लोक स्पॅनिशमध्ये सांगत होते आणि अग्निशामक दलाला ते कळत नव्हते. या दुःखातून १९७७ च्या गुड फ्रायडेला ‘व्हिया क्रुसिस’ सुरू झाली. येशूच्या वधस्तंभाकडे जाण्याच्या वाटेवरील प्रसंग वस्तीतीलच माणसे अठराव्या रस्त्यावरून चालत साकारतात. येशू, रोमन सैनिक, रडणाऱ्या स्त्रिया हे सारे शेजारपाजारचे लोक असतात. एकेका थांब्यावर वस्तीचे एकेक दुखणे बोलले जाते : टोळीयुद्ध, व्यसन, स्थलांतरितांची पकडापकड.

कोळशाविरुद्धचा निषेध या यात्रेतून निघाला असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु दोन गोष्टी यात्रेने वस्तीच्या अंगवळणी पाडल्या, असे अनुमान काढता येते. पहिली म्हणजे रस्ता ही आपल्या वेदनेची जागा आहे आणि वर्षातून एकदा तरी वाहतुकीने तिथे थांबले पाहिजे, ही जाणीव. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. चालता चालता थांबणे, थांब्यावर काही पाहणे, ऐकणे आणि पुन्हा चालू लागणे हा या नाट्याचा आकृतिबंध आहे. पुढे लिटल व्हिलेजमध्ये पर्यावरण चळवळीने जो सर्वांत परिणामकारक प्रकार वापरला, त्याचा आकृतिबंध हाच होता.

विषारी सहल आणि कोळसा ऑलिंपिक

लिटल व्हिलेज पर्यावरण न्याय संघटना १९९४ मध्ये सुरू झाली ती वीज केंद्रामुळे नव्हे. एका शाळेच्या नूतनीकरणात मुलांना धुळीचा व रंगाचा उपद्रव होईल या काळजीने पालक एकत्र आले होते. पुढे किम्बर्ली वासरमन या संघटनेच्या कार्यकर्त्या व नेत्या झाल्या. त्यांच्या स्वतःच्या तान्ह्या मुलाला दम्याचा झटका आला होता. त्या घरोघरी फिरल्या तेव्हा दम्याचीच कहाणी पुन्हा पुन्हा कानी आली. हार्वर्ड विद्यापीठाच्या सार्वजनिक आरोग्य शाखेतील संशोधकांच्या अभ्यासातून या शतकाच्या आरंभी जे आकडे पुढे आले, ते चळवळीच्या प्रत्येक पत्रकात आले : या दोन केंद्रांमुळे वर्षाला ४१ अकाली मृत्यू, ५५० वेळा तातडीच्या कक्षात धाव, दम्याचे २,८०० झटके.

आकडा भयंकर होता, पण सांख्यिकी स्वरूपाचा होता. ते ४१ जण नेमके कोण, हे कोणालाच दाखवता येत नव्हते. शवयात्रा काढावी तर शव नाही. गिरणीच्या अपघातात कामगाराचे नाव असते. धुराच्या मृत्यूला नाव नसते. नाट्यरूपाची गरज येथे निर्माण होते. संघटनेच्या तरुण मुलांनी व पालकांनी ‘विषारी सहल’ हा प्रकार हाती घेतला. पत्रकार, विद्यार्थी, अधिकारी अशा पाहुण्यांना वस्तीतून फिरवावयाचे, क्रॉफर्डच्या कुंपणापाशी थांबवावयाचे, डांबराचे छप्पर-साहित्य बनवणाऱ्या जुन्या सेलोटेक्स कारखान्याच्या दूषित जागेपाशी थांबवावयाचे आणि तेथे राहणाऱ्यानेच बोलावयाचे. पर्यटनाचे हे विडंबन अमेरिकेत इतरत्रही रूढ होते; फेड्रा पेझुलो यांनी २००७ च्या आपल्या ग्रंथात त्याचा सविस्तर अभ्यास केला आहे. लिटल व्हिलेजपुरते सांगावयाचे तर या सहलीत प्रेक्षकाला नटाच्या जागेवर आणून उभे केले जाते. अर्धा तास तो तीच हवा घेतो. ऑगुस्तो बोआल यांनी १९७० च्या दशकात ‘पीडितांची रंगभूमी’ मांडताना प्रेक्षकाच्या निष्क्रियतेवर जो आघात केला, त्याची आठवण येथे होते. मात्र बोआल यांचा प्रेक्षक हा पीडितांपैकीच असतो, तर सहलीचा प्रेक्षक बहुधा बाहेरचा असतो. हा भेद लहान नाही. पीडिताने पाहुण्यासाठी आपले दुःख रोज नव्याने सादर करावे, यात एक अवघडलेपण आहे. ते सुटले असे म्हणवत नाही. एवढेच म्हणता येईल की, मार्ग, थांबे आणि शब्द हे सहल काढणाऱ्यांच्या हाती राहिले.

दुसरा प्रयोग विनोदाचा होता. शिकागो शहर २०१६ च्या ऑलिंपिक स्पर्धांचे यजमानपद मिळवण्याच्या खटपटीत असताना संघटनेने ‘कोळसा ऑलिंपिक’ भरवले. शहर जगापुढे हिरवे, निरोगी व खिलाडू म्हणून मिरवत होते. त्याच वेळी दमेकरी मुलांच्या वस्तीने क्रीडास्पर्धेचे सोंग घेतले. येथे सोंग कोणाला द्यावे ही प्रस्तावनेत सांगितलेली अडचण वेगळ्याच रीतीने सुटली. धुराला रूप देण्याच्या भानगडीत न पडता शहराच्या उत्सवालाच आपल्या श्वासाचे माप लावण्यात आले. आक्तोमधील गळ्यातल्या पाटीचीच ही मोठी आवृत्ती म्हणावी लागेल. (ऑक्टोबर २००९ मध्ये कोपनहेगन येथे शिकागो पहिल्याच फेरीत बाद झाले व रिओ निवडले गेले. कोळसा ऑलिंपिकचा त्याच्याशी काही संबंध नाही.)

मे २०११ मध्ये ग्रीनपीसचे कार्यकर्ते फिस्कच्या धुराड्यावर चढले व त्यांनी कोळसा सोडा अशा अर्थाची अक्षरे त्यावर रंगवली. वृत्तपत्रांत त्याची छायाचित्रे भरपूर आली. दृश्य म्हणून ते प्रभावी होते यात शंका नाही. पण धुराड्यावर चढण्यासाठी प्रशिक्षण, साहित्य आणि अटक परवडणारे आयुष्य लागते. ज्या वस्तीत अनेक घरांत एखादा तरी माणूस कागदपत्रांविना राहतो, तेथे अटक म्हणजे हद्दपारी असू शकते. घरच्या माणसांनी विनोद व सहल निवडली यामागे केवळ कलाविषयक आवड नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

परिणामाचा प्रश्न

एप्रिल २०१० मध्ये नगरसेवक ज्यो मूर यांनी शिकागो नगरपरिषदेत स्वच्छ वीज उपविधी मांडला. पिल्सेनचे नगरसेवक डॅनी सोलिस यांनी २०११ च्या निवडणुकीच्या धामधुमीत त्याला पाठिंबा दिला. पूर्वी ते त्याच्या बाजूचे नव्हते. नवे महापौर रॅम इमॅन्युएल यांनी कंपनीवर दबाव आणला आणि फेब्रुवारी २०१२ मध्ये करार झाला : फिस्क त्याच वर्षाअखेर व क्रॉफर्ड २०१४ अखेर बंद व्हावयाचे. प्रत्यक्षात दोन्ही ऑगस्ट २०१२ मध्येच थांबली. उपविधी मंजूर होण्याची वेळच आली नाही. कंपनीने आर्थिक कारण पुढे केले व ते खोटेही नव्हते. नैसर्गिक वायू स्वस्त झाला होता आणि जुन्या केंद्रांत प्रदूषण-नियंत्रक यंत्रणा बसवणे परवडत नव्हते. वासरमन यांना २०१३ मध्ये गोल्डमन पर्यावरण पुरस्कार मिळाला.

मग नाट्याचा वाटा कोणता? केंद्रे बाजाराने बंद केली व नाट्य ही केवळ शोभा होती, असे मत मांडता येते. परंतु यंत्रणा बसवण्याचा खर्च परवडेनासा झाला, कारण सूट कायम राहील याची खात्री उरली नाही. आणि ती खात्री डळमळीत करण्यात नगरपरिषदेतील उपविधीचाही हात होता. जो नगरसेवक वर्षानुवर्षे गप्प होता तो निवडणुकीच्या वर्षी बोलला, कारण दमा हा मतदारसंघाचा विषय झाला होता. हा विषय घडवण्याचे काम दारोदारच्या भेटींनी जेवढे केले तेवढेच सहलींनी व सोंगांनी केले. यापलीकडे अचूक हिशेब मांडणे शक्य नाही व आवश्यकही नाही.

मुंबईच्या वाचकाला येथे माहूलची आठवण होणे साहजिक आहे. चेंबूर-तुर्भे भागात १९५४-५५ मध्ये तेलशुद्धीकरण कारखाने आले; तानसा जलवाहिनीलगतच्या विस्थापितांना त्यांच्या शेजारी माहूलमध्ये नेण्यात आले आणि २०१९ मध्ये हे प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या निर्णयापर्यंत गेले. ज्या शहरात अण्णाभाऊंनी फड गाजवला, त्याच शहरातल्या या वस्तीची लढाई मुख्यतः धरण्यांतून आणि न्यायालयात लढली गेली. त्याची कारणे स्वतंत्र लेखाचा विषय आहेत.

शिकागोची कथा २०१२ मध्ये संपली नाही. सेलोटेक्सच्या जागेवर डिसेंबर २०१४ मध्ये ला व्हिलिता उद्यान खुले झाले. क्रॉफर्डची जागा एका विकासक कंपनीने घेतली आणि ११ एप्रिल २०२० रोजी, करोना साथीची टाळेबंदी चालू असताना, तेथील धुराडे स्फोटाने पाडले. धुळीचा लोट लिटल व्हिलेजच्या घरांवर पसरला. श्वसनाच्या साथीत लोकांनी दारे-खिडक्या लावून घेतल्या. जागेवर पुढे सुमारे दहा लाख चौरस फुटांचे गोदाम उभे राहिले व २०२१ मध्ये ते सुरू झाले. तेथे माल येतो व जातो तो ट्रकांनी, आणि डिझेलच्या धुराचा प्रश्न घेऊन वस्ती पुन्हा त्याच कुंपणापाशी उभी राहिली.