‘कांचनगंगा’ : एका नावाची व्युत्पत्ती

मराठीत रूढ झालेल्या ‘कांचनगंगा’ या नावात सोने आहे, नदी आहे. बंगालीतील ‘कांचनजंघा’त मांडी. मूळ तिबेटी नावात यांतले काहीच नाही. कांग म्हणजे हिम, चेन मोठे, झो भांडार, ङा पाच : महाहिमाची पाच भांडारे. नेपाळ-सिक्कीम सीमेवरील या ८,५८६ मीटर उंच पर्वताची मुख्य शिखरेही पाचच. ध्वनिसाम्याने घडलेली आपली लोकव्युत्पत्ती गोड खरी, पण तिच्यात मूळ नावामागची श्रद्धा हरवली, असे आम्हांला वाटते. सिक्कीममध्ये हा पर्वत रक्षक देव आहे. म्हणून तर २५ मे १९५५ रोजी प्रथम वर पोहोचलेले जो ब्राउन आणि जॉर्ज बँड माथ्याच्या काही फूट खालीच थांबले. सिक्कीमच्या राजाला तसा शब्द दिलेला होता. १९७७ साली कर्नल नरेंद्र कुमार यांच्या भारतीय सैनिकी तुकडीनेही तो पाळला.