वन फॉल्स मूव्ह

वन फॉल्स मूव्ह : अमेरिकन गुन्हेपट (१९९२). इंग्रजी, रंगीत, १०५ मिनिटे. दिग्दर्शन कार्ल फ्रँकलिन. पटकथा बिली बॉब थॉर्न्टन आणि टॉम एपरसन. छायालेखन जेम्स एल. कार्टर, संकलन कॅरोल क्रावेट्झ, संगीत पीटर हेकॉक आणि डेरेक हॉल्ट. प्रमुख भूमिका : बिल पॅक्स्टन, सिंडा विल्यम्स, बिली बॉब थॉर्न्टन, मायकेल बीच, जिम मेट्झलर, अर्ल बिलिंग्ज. लॉस एंजेलिसमध्ये एका रात्रीत सहा खून करून पळालेले तिघे आणि आर्कान्सा राज्यातल्या स्टार सिटी या लहानशा गावात त्यांची वाट पाहणारे पोलीस, एवढाच वरवर याचा विषय. जेमतेम पैशांत उभा राहिलेला हा चित्रपट व्हिडिओच्या दुकानात जाऊन पडायचा होता. वर्षअखेरीस तो समीक्षकांच्या निवडक याद्यांत अगदी वरच्या जागी होता.

निर्मिती आय. आर. एस. मीडिया या कंपनीची. ‘द पोलीस’ या रॉक वाद्यवृंदाचा व्यवस्थापक माइल्स कोपलंड याने काढलेल्या आय. आर. एस. रेकॉर्ड्स या ध्वनिमुद्रिका कंपनीची ही चित्रपटशाखा. खर्च वीस ते पंचवीस लाख डॉलरच्या घरात. हॉलिवूडच्या हिशेबात ही रक्कम किरकोळ. घरोघरी व्हीसीआर पोचल्यामुळे त्या काळी अशा स्वस्तातल्या गुन्हेपटांना भाड्याच्या कॅसेटींची हमखास बाजारपेठ होती. वेष्टनावर बंदूक आणि एक देखणी बाई दिसली की माल खपे. हा चित्रपटही त्याच हिशेबाने हाती घेतला गेला होता.

पटकथाकार दोघेही आर्कान्साचे. थॉर्न्टनचा जन्म हॉट स्प्रिंग्जचा. एपरसन हा त्याचा माल्व्हर्न गावापासूनचा मित्र. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला दोघे नशीब काढायला लॉस एंजेलिसला आले आणि बरीच वर्षे हात हलवत राहिले. म्हणूनच बहुधा या कथेत दोन्ही टोके सारख्याच ओळखीने येतात : महानगरातली स्वस्त भाड्याची घरे, आणि जिथे कोण कुणाचा मुलगा हे साऱ्यांना ठाऊक असते ते गाव. प्रत्यक्षातले स्टार सिटी हे लिंकन काऊंटीचे मुख्य ठिकाण. चित्रीकरण मात्र लॉस एंजेलिसखेरीज पूर्व आर्कान्सातल्या कॉटन प्लांट आणि ब्रिंकलीच्या परिसरात झाले.

फ्रँकलिन हा मूळचा नट. दूरचित्रवाणीवरच्या ‘द ए-टीम’ या मालिकेत तो कॅप्टन क्रेन म्हणून दिसे. पुढे अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये त्याने दिग्दर्शनाचे शिक्षण घेतले आणि रॉजर कॉर्मनच्या कंपनीसाठी झटपट, स्वस्त चित्रपट काढले. कॉर्मनकडे उमेदवारी केलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की कळते : पैसे नसतील तर कॅमेरा कुठे ठेवायचा. ती विद्या इथे कामी आली.

कथानक असे : फँटेशिया (विल्यम्स) ओळखीच्या घरी वाढदिवसाच्या पार्टीला जाते आणि दार उघडून आपल्या साथीदारांना आत घेते. त्यांतला रे (थॉर्न्टन) हा गोरा, तापट, कोकेनच्या नशेत वाहवलेला. प्लुटो (बीच) हा कृष्णवर्णीय, चष्मा लावणारा, हिशेबी. रागावर रेचा ताबा नाही, आणि प्लुटोला राग येतच नाही. माल आणि पैसा कुठे आहे हे काढून घेताना त्या रात्रीत सहा माणसे मरतात. लपलेले एक लहान मूल फँटेशियाच्या नजरेस पडते. ती साथीदारांना सांगत नाही. पुढच्या साऱ्या कथेचे बीज या गप्प राहण्यात आहे, कारण तिचेही एक मूल गावी आहे.

कोकेन विकायला तिघे ह्यूस्टनकडे निघतात. लॉस एंजेलिसच्या दोन गुप्तहेरांना, गोरा कोल (मेट्झलर) आणि कृष्णवर्णीय मॅकफीली (बिलिंग्ज) यांना, हे तिघे पुढे स्टार सिटीला जातील असा संशय येतो. दोघे तिथे जाऊन थांबतात. गावचा पोलीसप्रमुख डेल डिक्सन (पॅक्स्टन) हरखून जातो. एरवी त्याचे काम म्हणजे घरगुती भांडणे मिटवणे. त्याला सारे ‘हरिकेन’ म्हणतात. तो बोलतोही तसाच, थांबत नाही. मोठ्या शहरातले खरे पोलीस आपल्या गावात आले याचे त्याला कोण अप्रूप.

खानावळीतला प्रसंग इथे थोडा थांबून पाहण्याजोगा आहे. आपल्यालाही लॉस एंजेलिसच्या पोलीस दलात यायचे आहे असे डिक्सन या दोघांजवळ बोलून बसलेला असतो. थोड्या वेळाने, तो जवळपास नाही अशा समजुतीने, दोघे त्याची टर उडवतात, आणि ते नेमके त्याच्या कानांवर पडते. पॅक्स्टनने या क्षणी काहीही ‘केलेले’ नाही. आतापर्यंत ज्याला पाहुणे आणि प्रेक्षक दोघेही गंमत म्हणून पाहत होते त्या माणसाचा चेहरा फक्त उतरतो. त्याच्या साऱ्या कारकिर्दीत याहून चांगले काम शोधावे लागेल. डिक्सनची बायको शेरिल अ‍ॅन (नॅटली कॅनरडे) हिने नवऱ्याला पुरते ओळखलेले असते. टीव्ही पाहून त्याने पोलीसगिरीच्या कल्पना करून घेतल्या आहेत हे ती जाणते, आणि त्याला जपा असे कोलला एकट्याला गाठून सांगते. ही लहानशी भूमिका तिने फार सच्चेपणाने केली आहे.

आता मुख्य मुद्दा. अर्ध्या वाटेवर चित्रपट आपले पहिले कोडे सोडून देतो. खून कुणी केले हे पहिल्यापासून माहीत असते. गुन्हेगार येणार हेही ठरलेले असते. लपवलेले असते ते डिक्सनकडे. फँटेशिया म्हणजे याच गावची लीला वॉकर. सतरा वर्षांची असताना दुकानात उचलेगिरी करताना डिक्सनने तिला पकडले, आणि पुढे दोघांचे संबंध आले. तो विवाहित गोरा पोलीस, ती संमिश्र वंशाची गरीब मुलगी. तिचा पाच वर्षांचा मुलगा बायरन, तिची आई आणि भाऊ ज्याला सांभाळतात, तो डिक्सनचाच. शहरातून आलेल्या खुन्यांची वाट पाहताना ज्याच्याविषयी प्रेक्षकाला माया वाटू लागली, त्या भल्या माणसाच्या हातून घडलेल्या अन्यायाची फिर्यादच बसमधून त्याच्या गावी उतरते.

वंशभेदावर इथे एकही भाषण नाही. डिक्सन बोलण्याच्या ओघात, मॅकफीली समोर बसलेला असताना, कृष्णवर्णीयांसाठीचा हीन शब्द सहज वापरतो. त्याच्या ध्यानीही येत नाही. मॅकफीली ऐकून घेतो, संभाषण पुढे जाते. लिटल रॉकच्या सेंट्रल हायस्कूलमध्ये नऊ कृष्णवर्णीय मुलांना पाऊल टाकता यावे म्हणून १९५७ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना सैन्य पाठवावे लागले, त्याच राज्यातली ही गोष्ट. कायदा बदलून गेला, माणसे एकमेकांना नावाने हाका मारू लागली, पण कुणी कुणाला काय केले तरी खपते, हे गणित मागच्या दाराने तसेच चालू राहिले. दिग्दर्शक स्वतः कृष्णवर्णीय, लेखक दोघे दक्षिणेतले गोरे. या मिश्रणामुळेच चित्रपट गावाला खलनायक करत नाही आणि सोडूनही देत नाही.

हिंसेच्या बाबतीतही फ्रँकलिनचे धोरण असेच कडक आहे. सुरुवातीचे खून पाहवत नाहीत. रक्त फार दिसते म्हणून नव्हे, मरणाऱ्यांची भीती दिसते म्हणून. त्याच वर्षी ‘रिझर्व्हॉयर डॉग्ज’ आला आणि पडद्यावरच्या हिंसेला एक मिस्कील, गप्पिष्ट ऐट आली. पुढच्या दहा वर्षांत तिचीच नक्कल झाली. फ्रँकलिनच्या वाटेने फारसे कुणी गेले नाही, हे गुन्हेपटांचे नुकसानच. टेक्सासमधल्या रस्त्यावर एक पोलीस तिघांची गाडी अडवतो तो प्रसंग पाहावा. तणाव वाढत वाढत जातो, आणि गोळी झाडते ती फँटेशिया. त्या गोळीनंतर तिची बाजू घेणे प्रेक्षकाला अवघड होते, आणि सोडणेही.

शेवट गावातच होतो. रे आणि प्लुटो येतात, डिक्सन एकटा त्यांना गाठतो. आयुष्यभर ज्या मर्दुमकीची स्वप्ने पाहिली ती मिनिटभरात उरकते : दोघे गुन्हेगार मरतात, लीला मरते, आणि प्लुटोच्या सुऱ्याने डिक्सन घायाळ होऊन पडतो. रुग्णवाहिका येईपर्यंत पोटचा मुलगा त्याच्याजवळ येऊन उभा राहतो, आणि दोघे बोलतात.

८ मे १९९२ रोजी चित्रपट मोजक्या चित्रपटगृहांत लागला. लॉस एंजेलिसमधली दंगल विझून तेव्हा आठवडाही झाला नव्हता. पोलीस आणि वर्ण हा विषय देशभर पेटलेला होता. गाजावाजा करायला कंपनीकडे पैसा नव्हता. जे झाले ते समीक्षकांमुळे आणि तोंडी बोलबाल्यामुळे. जीन सिस्कल याने त्याला वर्षातला सर्वोत्तम चित्रपट ठरवले. रॉजर ईबर्टच्या यादीत तो ‘माल्कम एक्स’च्या पाठोपाठ दुसरा होता. गल्ला मात्र सुमारे पंधरा लाख डॉलर, म्हणजे खर्चही निघाला नाही. १९९३ मध्ये फ्रँकलिनला सर्वोत्कृष्ट दिग्दर्शनाचा इंडिपेंडंट स्पिरिट पुरस्कार मिळाला.

फ्रँकलिनने पुढे डेन्झेल वॉशिंग्टनला घेऊन ‘डेव्हिल इन अ ब्लू ड्रेस’ (१९९५) केला. थॉर्न्टनने आर्कान्सातच ‘स्लिंग ब्लेड’ (१९९६) काढला, तिथेही कॅनरडेला घेतले आणि पटकथेचे ऑस्कर मिळवले. पॅक्स्टन २०१७ मध्ये वारला.

बरीच वर्षे हा चित्रपट जाणकारांच्या बोलण्यापुरता उरला होता. २०२३ साली क्रायटेरियन कलेक्शनने त्याची ४के प्रत बाजारात आणली. पहिली वीस मिनिटे सोसवत नाहीत म्हणून तो बंद करणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी डिक्सन पडद्यावर येईपर्यंत थांबावे.