आढ्यवात: ताट, मद्य आणि अंगठ्याचा सांधा

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील एकोणतिसावा अध्याय वातरक्त या विकाराचा असून, त्यात दिलेल्या कारणांपैकी बरीचशी थेट आहाराशी निगडित आहेत: अति खारट, आंबट व तिखट पदार्थ, पाणथळ जागी राहणाऱ्या प्राण्यांचे मांस, कुळीथ, उडीद, ऊस, दही, मद्य, आणि आधीचे अन्न पचण्यापूर्वीच पुन्हा जेवणे. हा विकार हातापायांच्या सांध्यांत मूळ धरून मग शरीरभर पसरतो आणि चालण्याफिरण्याची सवय नसलेल्या सुकुमार माणसांना तो गाठतो, असे सांगून ग्रंथकाराने त्याला आढ्यवात, म्हणजे धनवानांचा वात, असेही म्हटले आहे. वातरक्त आणि आजचा गाऊट, म्हणजे यूरिक आम्लाचे स्फटिक साचून होणारी सांधेदुखी, हे तंतोतंत एकच आहेत असे मानणे घाईचे ठरेल, कारण त्या वर्णनात सांध्यांचे आणि त्वचेचे इतरही आजार सामावलेले असावेत. तरीही सांधेदुखीचे मूळ जेवणात शोधण्याची दृष्टी किती जुनी आहे, हे त्यावरून स्पष्ट दिसते.

ग्रीक वैद्यकात गाऊटमुळे होणाऱ्या पायाच्या अंगठ्याच्या असह्य दुखण्याला पोडाग्रा म्हणत. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सूत्रांत, स्त्रियांना पाळी थांबेपर्यंत हा रोग होत नाही, असे एक निरीक्षण आहे. त्याची उकल व्हायला दोन हजारांहून अधिक वर्षे जावी लागली: इस्ट्रोजेन हे संप्रेरक मूत्रपिंडावाटे यूरिक आम्ल बाहेर टाकण्यास मदत करते आणि पाळी थांबल्यावर ती मदत ओसरते.

गाऊटचा सर्वाधिक बोलबाला झाला तो अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये. 1703 च्या मेथ्युएन कराराने पोर्तुगीज मद्यावरील जकात फ्रेंच मद्यापेक्षा एक तृतीयांशाने कमी ठेवली, त्यामुळे पोर्ट हे गोडसर आणि कडक मद्य उच्चवर्गीयांच्या मेजावर नित्याचे झाले आणि मांसाहाराच्या जोडीने तेच गाऊटचे कारण मानले जाऊ लागले. यात तथ्य होते, पण ते पूर्ण नव्हते. जॉर्ज बेकर या वैद्याने 1767 मध्ये डेव्हन परगण्यातील पोटशुळाचे मूळ सफरचंदाचा रस काढण्याच्या घाण्यांत वापरलेल्या शिशात असल्याचे दाखवले. त्या काळी मद्यातही शिसे उतरत असे आणि शिसे मूत्रपिंडाची यूरिक आम्ल बाहेर टाकण्याची शक्ती खच्ची करते. पुढे आल्फ्रेड बेअरिंग गॅरड या वैद्यांना आपल्या गाऊटच्या रुग्णांत नळकाम करणारे आणि रंगारी वारंवार आढळले. म्हणजे चैनीचा म्हणून मिरवला गेलेला हा रोग शिसे हाताळणाऱ्या कष्टकऱ्यांनाही होत होता, मात्र व्यंगचित्रांत आणि कथांत त्यांना जागा मिळाली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

गॅरड यांनी 1848 मध्ये गाऊटच्या रुग्णांच्या रक्तात यूरिक आम्ल वाढलेले असल्याचे दाखवले आणि नंतर रक्तद्रवात धागा ठेवून त्यावर स्फटिक जमतात का, हे पाहण्याची एक साधी चाचणी रचली. त्याआधीचे टप्पेही मोलाचे होते: लेव्हेनहूक यांनी 1679 मध्ये गाऊटच्या गाठीतील सुईसारखे कण सूक्ष्मदर्शकातून पाहिले होते, शील यांनी 1776 मध्ये मूतखड्यातून यूरिक आम्ल वेगळे केले होते आणि वॉलस्टन यांनी 1797 मध्ये ते गाठींत असल्याचे सिद्ध केले होते. सुजलेल्या सांध्यातील द्रवात यूरेटचे स्फटिक असतात याचा खात्रीलायक पुरावा मात्र 1961 मध्ये मॅकार्टी आणि हॉलंडर यांनी दिला.

प्यूरिन, म्हणजे पेशींतील आनुवंशिक द्रव्याचा एक घटक, विघटित झाला की यूरिक आम्ल तयार होते. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिकेज नावाचे विकर त्याचे पुढे विघटन करते. मानवाच्या पूर्वजांनी ते विकर कोट्यवधी वर्षांपूर्वी गमावले. रक्तातील प्रमाण दर डेसिलिटरला सुमारे 6.8 मिलिग्रॅमच्या वर गेले की स्फटिक बनू शकतात, आणि पायाचा अंगठा शरीराच्या मध्यभागापेक्षा थंड असल्याने तेथे ते विशेष सहज बनतात. वय वाढते तशी मूत्रपिंडे मंदावतात, वर्षानुवर्षांचा साठा सांध्यांत जमतो, आणि म्हणूनच हा रोग उतारवयात अधिक दिसतो.

आहाराची भूमिका मोजून पाहणारा मोठा अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील सुमारे 47 हजार पुरुषांची 12 वर्षे नोंद ठेवणाऱ्या या अभ्यासात मांस आणि समुद्री अन्न अधिक खाणाऱ्यांना धोका जास्त, दूध-दही घेणाऱ्यांना कमी, आणि प्यूरिनयुक्त भाज्या व कडधान्ये खाणाऱ्यांना वाढीव धोका नाही, असे आढळले. मद्यांत बिअर सर्वांत घातक ठरली. पुढे 2008 मध्ये साखरयुक्त पेयांतील फ्रुक्टोजचाही गाऊटशी संबंध दिसून आला. चरकाच्या यादीतील मद्य, मांस आणि ऊस यांना यातून काहीसा दुजोरा मिळतो, तर दही आणि कुळीथ-उडीद यांना मिळत नाही. तरीही गाऊटचे निदान होताच अनेक मराठी घरांत आधी वरण आणि पालक बंद होतो. म्हाताऱ्या माणसाच्या वाट्याची प्रथिने अशी विनाकारण कमी करणे अन्यायाचे आहे. शिवाय केवळ पथ्याने रक्तातील यूरिक आम्ल दर डेसिलिटरला साधारण 1 मिलिग्रॅमनेच उतरते, म्हणून वारंवार झटके येणाऱ्या रुग्णाला 1960 च्या दशकात वापरात आलेल्या अ‍ॅलोप्युरिनॉलसारख्या औषधाची गरज बहुधा भासतेच.