करवंटीचा कोळसा आणि उल्हासचे पाणी

नरकचतुर्दशीच्या पहाटे आंबिवलीच्या घरोघर अभ्यंगस्नानाचे पाणी तापते, तेव्हा ते कोठून आले याचा विचार कोणाच्या मनात येत नाही. राजमाचीच्या बाजूच्या डोंगरांत उगम पावलेली उल्हास नदी कर्जत, बदलापूर करीत जवळच मोहन्याला येते आणि कल्याण-डोंबिवलीच्या नळांसाठी तेथे तिचे पाणी उचलले जाते.

मोहन्यालाच नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना होता. तो २००९ मध्ये बंद पडला. लाकडाच्या लगद्यापासून रेयॉनचा धागा काढावयाचा तर कॉस्टिक सोडा आणि कार्बन डायसल्फाइड लागते. अशा रसायनांचे आणि रंगांचे उद्योग या खोऱ्यात पुष्कळ वाढले. पाण्यातील गाळ तुरटीने बसतो, जंतू क्लोरिनने मरतात. परंतु विरघळलेले रंग, फिनॉल, कीटकनाशके ही सेंद्रिय द्रव्ये तुरटीला सहजी दाद देत नाहीत.

त्यांवरचा तोडगा जुनाच आहे. १७८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला टोबियास लोविट्झ या रसायनज्ञाला दिसले की, कोळसा द्रावणातील रंग ओढून घेतो. पुढे साखर शुभ्र करण्यासाठी हाडांचा कोळसा वापरात आला. पहिल्या महायुद्धात विषारी वायूपासून बचावणाऱ्या मुखवट्यांत नारळाच्या करवंटीचा कोळसा भरला गेला. ही किमया त्याच्या सूक्ष्म छिद्रांची! चांगल्या सक्रिय कोळशाच्या एका ग्रॅममधील छिद्रांचे पृष्ठ हजार चौरस मीटरपर्यंत भरते.

हवी तशी छिद्रे असलेली धातू-सेंद्रिय जाळी घडविल्याबद्दल कितागावा, रॉबसन व याघी यांना २०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मात्र असली भुकटी पाण्याबरोबर वाहून जाते. म्हणून ती माती, कोळसा वा बहुवारिकात बसवून संमिश्र पदार्थ करतात. त्यात लोहाचे ऑक्साइड घातले तर तो चुंबकाने परत काढता येतो. टायटॅनियम डायऑक्साइड घातले तर अतिनील प्रकाशात अडकलेला मळ फोडता येतो.

कोळशाचे उणे नेमके हेच आहे: तो मळ धरतो, नाहीसा करीत नाही. छिद्रे भरली की त्याला भट्टीत तापवावे लागते, नाहीतर टाकून द्यावे लागते. तेव्हा ही गाळणी कारखान्याच्या सांडपाण्याच्या तोंडाशीच लावावी हे बरे. तेथे मळ थोड्या पाण्यात एकवटलेला असतो. नदीत मिसळल्यावर तोच साऱ्या गावाच्या पाण्यातून वेचीत बसावे लागते, आणि त्याचा खर्च नळाखाली घागर लावणाऱ्याच्या माथी येतो.